नव्या पिकअपचं स्टेअरिंग ढिलं, गाडी रस्त्यावर झुलते: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

गाडी शोरूममधून बाहेर पडून महिना झालेला नसतो. मीटरवर हजार-बाराशे किलोमीटर. मालक माझ्या अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवण्याच्या) खड्ड्यावर गाडी चढवतो आणि म्हणतो, "मामा, स्टेअरिंग ढिलं आहे, गाडी हातात राहत नाही." मी विचारतो, हवा किती आहे? माहीत नाही. कारण तक्रार घेऊन तो थेट अलाइनमेंटलाच आलेला असतो, आणि बऱ्याचदा ही त्याची दुसरी किंवा तिसरी अलाइनमेंट असते.

चूक इथेच होते. अलाइनमेंट हे या कामातलं शेवटचं पान आहे. हवा चुकीची, चाकाचं बेअरिंग सैल किंवा मागची दोन चाकं जोडणारा अ‍ॅक्सल जागचा हललेला असताना मशीनवर कितीही हिरवे (मर्यादेतले) आकडे आणले तरी गाडी खाली उतरली की पुन्हा झुलणार. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले चार टप्पे गॅरेजात न जाता, अर्ध्या दिवसात होतात.

## आधी तक्रारीला नाव द्या

"स्टेअरिंग ढिलं" या दोन शब्दांत पाच वेगवेगळे दोष लपलेले असतात. मेकॅनिकला चुकीचं नाव सांगितलं की तो चुकीच्या जागी पाना लावतो.

प्ले. स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे फिरवलं तरी पुढचं चाक हलत नाही, मधे पोकळी लागते. दोष सांध्यांत, स्टेअरिंग बॉक्समध्ये (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणारी दात्यांची पेटी) किंवा एखाद्या सैल बोल्टात.

झुलणं. पोकळी नाही, पण सरळ रस्त्यावर गाडी कधी इकडे, कधी तिकडे सरकते आणि सतत सावरावी लागते. हवा, भाराची मांडणी, मागचा अ‍ॅक्सल, टो (वरून पाहिल्यावर चाकांची तोंडं आत की बाहेर) किंवा कॅस्टर (बाजूने पाहिल्यावर चाक वळण्याच्या आसाचा तिरपेपणा, तोच स्टेअरिंग सरळ आणतो).

ओढणं. गाडी कायम एकाच बाजूला जाते. टायर, ब्रेक चिकटणं, कॅस्टर किंवा कॅम्बरमध्ये (समोरून दिसणारा चाकाचा कल) डाव्या-उजव्या चाकांतला फरक, नाहीतर नुसता रस्त्याचा उतार.

थरथर. ठरावीक वेगाला स्टेअरिंग कापतं, वेग बदलला की थांबतं. हे बॅलन्सिंगचं किंवा वाकड्या रिमचं काम आहे, त्याचा ढिलेपणाशी संबंध नाही.

न परतणं. वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. चालक ते हाताने आणतो, जरा जास्त आणतो, मग उलट सावरतो. गाडी झुलते असं वाटतं, पण मूळ दोष जामपणाचा असतो. ढिलं समजून हे आणखी आवळलं की दुखणं वाढतं.

आणखी एक गोष्ट पाहून घ्या. आयुष्यभर कार चालवून पहिल्यांदा पिकअपवर बसलेल्या माणसाला कुठलीही पिकअप सैल वाटते. स्टेअरिंगला फेरे जास्त, बसणं उंच, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कडक आणि हौदा रिकामा. त्याच मॉडेलची, साधारण तेवढीच चाललेली दुसरी गाडी त्याच रस्त्यावर दहा मिनिटं चालवून बघा. दोन्ही सारख्याच लागल्या तर निम्मी चिंता मिटली.

> गाडी चालवू नका, उचलून न्या: स्टेअरिंगची पोकळी एकाएकी वाढली, फिरवताना खटकन आवाज येतो, चाकाचे नट सैल सापडले, किंवा स्टेअरिंगच्या दांड्यावरचा एखादा बोल्ट हाताने फिरतो. यातलं एकही असेल तर पुढचे टप्पे जागेवर उभ्या गाडीत करा, रस्त्यावर नाही.

## तयारी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: हवेचा स्वतःचा गेज (पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नका), पाच मीटरचा टेप, खडू, चिकटपट्टी, टॉर्च, जॅक, दोन भक्कम स्टँड, चाकाला लावायला लाकडी ठोकळे आणि मदतीला एक माणूस. टॉर्क पाना (नट ठरलेल्या जोरानेच आवळणारा) मिळाला तर उत्तम. सपाट, टणक जागा हवी. शेणानं सारवलेल्या अंगणात किंवा शेताच्या बांधावर जॅक रुततो.

गाडीचं मॅन्युअल समोर ठेवा. हवेचा दाब, नटांचा टॉर्क, प्लेची मर्यादा हे तिन्ही आकडे तुमच्या मॉडेलचेच हवेत. शेजाऱ्याच्या गाडीचे चालत नाहीत.

वॉरंटीच्या काळात तपासा सगळं, पण स्टेअरिंगचे भाग खोलू नका. बघणं, मोजणं आणि हलवून पाहणं याने वॉरंटी जात नाही. बाहेरच्या गॅरेजात बॉक्सच्या स्क्रूला पाना लागला की वाद सुरू होतो.

## टप्पा १: हवा आणि चाकं

गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी, एक किलोमीटरही न चालवता हवा मोजा. टायर तापला की दाब चार-सहा पीएसआयने चढतो. गरम टायरमध्ये "जास्त झाली" म्हणून हवा सोडली तर सकाळी ती कमी भरते. तापमानात साधारण साडेपाच अंशांचा फरक पडला की एक पीएसआय इकडचं तिकडे होतं, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटेचा आणि एप्रिलच्या दुपारचा आकडा सारखा येणार नाही.

दाब दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो, पुढचा वेगळा आणि मागचा वेगळा. पिकअपमध्ये हा फरक मोठा असतो. पंपावर पोरगा चारही चाकांत एकच आकडा भरतो. पुढे गरजेपेक्षा जास्त हवा गेली की टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो आणि स्टेअरिंग हलकं, भिरभिरतं होतं. मागे कमी पडली तर भाराखाली टायरच्या बाजू डुलतात, गाडीचं शेपूट हलतं आणि चालकाला वाटतं स्टेअरिंगच बिघडलंय.

नव्या गाडीत आणखी एक कारण असतं. कारखान्यातून निघताना, वाहतुकीत आणि यार्डात उभं राहून टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात. ती गाडी ताब्यात देताना उतरवायची असते. राहून जाते. मी पाहिलेल्या "ढिल्या" नव्या गाड्यांपैकी बऱ्याच इथेच बऱ्या झाल्या, आणि त्याचे पैसे मी घेतले नाहीत. घ्यायला हवे होते, असं बायको म्हणते.

मग हे पाहा:

- चारही टायर एकाच मापाचे, एकाच प्रकारचे आहेत का. पुढे रेडियल आणि मागे नायलॉन अशी जोडी कुणी बदलून दिली असेल तर ती आधी सुधारा.
- चाकांचे नट. गाडी घेतल्यावर किंवा चाक काढून बसवल्यावर शंभर किलोमीटरच्या आत एकदा परत आवळायचे असतात, समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि दिलेल्या टॉर्कवर. पाइप लावून अंगावर उड्या मारून नाही.
- रुंद टायर किंवा बाहेर आलेले रिम हौसेने बसवले असतील तर जुने परत लावून चालवून बघा. रुंद टायर रस्त्यावरच्या ट्रकच्या चाकोरीत शिरतो आणि चाकोरी जाईल तिकडे गाडी नेतो.

कोऱ्या टायरच्या नक्षीचे ठोकळे उंच असतात आणि जरा डुलतात. पहिल्या काही शे किलोमीटरांत हे निवळतं. तेवढ्यावरून तक्रार नोंदवायची घाई नको.

तपासणी: हवा लावल्यावर वीस-तीस किलोमीटर चालवा. झुलणं गेलं असेल तर इथेच थांबा.

## टप्पा २: भार कुठे आहे

पिकअपचं स्टेअरिंग हौद्यातल्या मालावर ठरतं, हे कारवाल्याला पटायला वेळ लागतो. हिशोब करून दाखवतो.

व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, ३ मीटर धरा. कांद्याच्या ५० किलोच्या ३० गोण्या, म्हणजे १,५०० किलो. गोण्यांचा मध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल तर पुढच्या चाकांवर १५० किलो जास्त येतात. तोच मध्य अ‍ॅक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे गेला, म्हणजे फाळक्याकडे माल जास्त रचला, तर पुढच्या चाकांवरचे १५० किलो उचलले जातात. माल तेवढाच, गाडी तीच, आणि पुढच्या चाकांवर ३०० किलोंचा फरक. पुढचं चाक रस्त्याला धरेनासं झालं की स्टेअरिंग तरंगतं.

पिंपळगावच्या बाजारात रोज दिसतं: फाळका उघडा ठेवून त्यावर आणखी चार गोण्या, वर ताडपत्री. वजनकाट्यावर गाडी पास होते, पण वजन कुठे बसलंय हे काटा सांगत नाही. सांगू शकतो, जर पुढची दोन चाकंच काट्यावर घेऊन वेगळी पावती काढली तर. एकदा रिकामी आणि एकदा भरलेली, अशा पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन पावत्या काढा. भरल्यावर पुढचं वजन रिकाम्यापेक्षा कमी आलं तर दोष रचण्यात आहे.

उलट टोकाला रिकामी गाडी. मागचे पाटे भारासाठी बनवलेले, म्हणून रिकाम्या गाडीची मागची बाजू उंच राहते. त्याने कॅस्टर कमी होतो आणि स्टेअरिंग सरळ यायची ओढ मंदावते. रिकाम्या पिकअपचं थोडं भिरभिरणं असं असतं. हौद्यात अ‍ॅक्सलच्या जरा पुढे शंभर-दीडशे किलो टाकून चालवून बघा. गाडी लगेच बसली तर काळजीचं कारण नाही.

बॉडीवाल्याकडे काय बसवलंय तेही पाहा. उंच जाळी, कॅरिअर आणि ताडपत्रीचं कमान-छत असलं की पुलावर किंवा उघड्या माळावर आडवा वारा गाडीला ढकलतो. आणि गाडी घेतल्या घेतल्या "भार झेपावा म्हणून" मागे दोन पाटे वाढवले असतील, तर मागची बाजू आणखी उचलली गेली, कॅस्टर आणखी गेला. असं केलं असेल तर सर्व्हिस सेंटरला लपवू नका. त्यांना ते पाच मिनिटांत दिसतं.

## टप्पा ३: रस्त्यावरची पहिली चाचणी

हवा बरोबर, हौदा रिकामा किंवा पुढे थोडा भार. वारा नसलेली सकाळ, दुभाजक असलेला सरळ रस्ता, वेग ५० ते ६०. चाचणीसाठी याहून जास्त वेग लागत नाही.

डांबरी रस्त्याला पाणी वाहून जावं म्हणून साधारण २ ते २.५ टक्के आडवा उतार असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून दुपदरी रस्त्यावर प्रत्येक गाडी थोडी डावीकडे उतरते. म्हणून एकाच लेनमधली चाचणी काहीच सांगत नाही. पूर्ण मोकळ्या, रहदारी नसलेल्या जागी, जसं की एमआयडीसीतला रविवारचा रस्ता, दोन्ही बाजूंना उतार असलेल्या भागांवर चालवा. उतार बदलल्यावर ओढण्याची बाजूही बदलली तर रस्ता दोषी. बाजू तीच राहिली तर गाडी.

तीन गोष्टी वहीत लिहा: झुलणं दोन्ही बाजूंना आहे की एकाच, ब्रेक दाबल्यावर वाढतं का, अ‍ॅक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना गाडीची दिशा बदलते का. ही तिसरी गोष्ट फार कामाची आहे. दाबलं की एकीकडे, सोडलं की दुसरीकडे, असं होत असेल तर मागचा अ‍ॅक्सल पाट्यांवर हलतोय. सरळ टप्पा ६ वर जा.

गाडी एकाच बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला. नक्षीला फिरण्याची दिशा दिलेली असेल तर हे करू नका. ओढण्याची बाजू बदलली तर टायर सदोष आहे आणि तो दावा टायरच्या वॉरंटीत बसतो.

## टप्पा ४: प्ले मोजा

"जास्त आहे" हे मोजमाप नाही. आकडा हवा.

1. गाडी सपाट जागी, पुढची चाकं अगदी सरळ, चाकं जमिनीवर. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे.
2. स्टेअरिंगच्या कडेवर वरच्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावा. त्यासमोर डॅशबोर्डवर दुसरी पट्टी.
3. मदतनीस पुढच्या टायरजवळ बसून टायरकडे बघेल. तुम्ही एका बोटाने स्टेअरिंग डावीकडे फिरवा. टायर हलायला लागताच तो "थांब" म्हणेल. डॅशवर खूण करा.
4. तसंच उजवीकडे. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे प्ले.
5. तीनदा मोजा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या.

मर्यादा मॅन्युअलमधली धरा. बहुतेक गाड्यांत ती कडेवर ३० मिलिमीटरच्या आत असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगला ३० अंशांपर्यंतची पोकळी चालवून घेतो. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर ३० अंश म्हणजे कडेवर जवळजवळ १० सेंटिमीटर. ती रस्त्यावरच्या जुन्या-पुराण्या गाडीची शेवटची हद्द झाली. "आरटीओच्या नियमात बसतं" असं नव्या गाडीबद्दल कुणी सांगितलं तर त्याच्यासमोर मॅन्युअलचं पान ठेवा.

> थांबा, विचार करा: प्ले मर्यादेत आला आणि गाडी तरी झुलते, तर स्टेअरिंग बॉक्स आणि सांधे यांच्यामागे लागू नका. टप्पा ५ झटपट उरका आणि ६ वर जास्त वेळ द्या.

## टप्पा ५: हालचाल कुठे हरवते ते शोधा

इंजिन, ब्रेक आणि ठोकळे टप्पा ४ प्रमाणेच. चाकं जमिनीवरच हवीत, कारण उचललेल्या चाकात सांध्यावर जोर येत नाही. मदतनीस स्टेअरिंग बारीक डावी-उजवीकडे हलवत राहील. तुम्ही वरून खाली त्याच क्रमाने बघत या, टॉर्च घेऊन.

सुरुवात स्टेअरिंगच्या दांड्यावरच्या क्रॉसपासून (फिरत्या सांध्यापासून) आणि त्याच्या आवळणाऱ्या बोल्टापासून. मग स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅक: आतला दांडा फिरण्याआधी बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतोय का? नव्या गाडीत हे सापडतं, आणि सापडलं की नवल वाटतं. मग हालचाल चाकांकडे नेणारे दांडे, ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक, शेवटी दोन्ही टाय रॉड एंड (चाकाजवळचे सांधे). जिथे आधीचा भाग हलतो आणि पुढचा मागे राहतो, तिथे दोष.

टाय रॉड एंड बघताना डोळ्यापेक्षा बोट जास्त सांगतं. अंगठा एका भागावर, तर्जनी दुसऱ्यावर, सांध्याच्या आडवी. चांगला सांधा दोन्ही बोटांना एकदमच ढकलतो. सैल सांध्यात एका बोटाला टिचकी आधी बसते, दुसऱ्याला नंतर. आर्म आणि चेसिस यांच्यामधल्या फटीत मात्र बोट घालू नका, तिथे हाड राहत नाही. रबरी टोपी फाटली आहे का, स्प्लिट पिन जागेवर आहे का, हेही याच वेळी पाहा.

आता जॅक. एका वेळी एकच बाजू, खाली स्टँड, मागच्या चाकांना ठोकळे. पुढे अखंड अ‍ॅक्सल असेल तर जॅक अ‍ॅक्सलखाली. स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होणारं) असेल आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर जॅक त्या आर्मखाली लावा. चेसिसखाली लावला तर स्प्रिंगचा ताण बॉल जॉइंटचा (चाक ज्या सांध्यावर वळतं त्याचा) सैलपणा लपवतो.

चाक बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड लागली तर मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा. खडखड गेली तर बेअरिंग सैल, राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन (अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत चाक ज्या खुंटीवर वळतं ती). नंतर तीन आणि नऊच्या जागी. फक्त इथेच हललं तर टाय रॉड.

किंग पिनच्या गाडीत, पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर असताना चाक हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड, अडकत फिरत असेल तर ग्रीस पोचलेलं नाही. "न परतणं" या तक्रारीचं हे साधं मूळ आहे. निपलमधून नवं ग्रीस भरत राहा, सांध्यातून जुनं काळं बाहेर येईपर्यंत, चाक उचललेलं ठेवूनच.

## टप्पा ६: मागचा अ‍ॅक्सल आणि यू-बोल्ट

सगळ्यात जास्त विसरला जाणारा टप्पा, म्हणून इथे थोडा थांबतो.

मागचा अ‍ॅक्सल पाट्यांना यू-बोल्टांनी बांधलेला असतो. नव्या पाट्यांमध्ये रंगाचे थर असतात. भार पडून हे थर दबले की बांधणी काही अंशी सैल होते. म्हणून पहिल्या सर्व्हिसला यू-बोल्ट परत आवळायचे असतात. ते झालं नाही तर अ‍ॅक्सल पाट्यावर केसभर मागे-पुढे सरकतो. मागची चाकं जरा तिरकी झाली की गाडी मागून वळते, आणि चालक पुढून सावरत राहतो.

माझ्या भाच्याच्या गाडीत मी स्वतः हे चुकलो. दोनदा टो लावला, दोनदा आकडे हिरवे, आणि दोन्ही वेळा तो तिसऱ्या दिवशी परत. "मामा, रिकामी असताना बरी चालते, टोमॅटो भरले की शेपूट हलवते." तिसऱ्यांदा खाली झोपलो तेव्हा डाव्या यू-बोल्टच्या प्लेटखाली लालसर पूड दिसली, बारीक, विटेच्या भुग्यासारखी. आणि पाट्यावर प्लेटच्या कडेला चकाकणारी एक रेघ, जिथला रंग घासून गेला होता. पाना लावला तर नट पाऊण फेरा फिरला. दोन वेळचे अलाइनमेंटचे पैसे बहिणीसमोर परत करावे लागले.

तुम्ही हे पाहा:

- प्लेटभोवती लाल पूड, चकाकती रेघ, एका बाजूचा रंग घासलेला.
- सेंटर बोल्टचं (पाटे मधोमध एकत्र धरणारा बोल्ट) डोकं आपल्या खाचेत नीट बसलंय का.
- दोन्ही बाजूंचं माप. पाट्याच्या पुढच्या टोकाच्या बोल्टपासून अ‍ॅक्सलच्या त्याच ठरलेल्या बिंदूपर्यंत टेप लावा, डावी आणि उजवी. पाच मिलिमीटरहून जास्त फरक आला तर शंका घ्या. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मापू नका. पुढचं चाक जरा वळलेलं असलं की माप फसवतं.
- शॅकलचे (पाट्याचं टोक झुलतं ठेवणारा दुवा) बुश आणि पाट्याच्या टोकांचे बोल्ट.

आवळताना गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. चार नट तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करत, दिलेल्या टॉर्कपर्यंत. माप चुकीचं असेल तर आधी अ‍ॅक्सल जागेवर आणायला लागतो आणि ते काम सर्व्हिस सेंटरचं. नुसतं आवळलं तर तिरका अ‍ॅक्सल तिरकाच पक्का होईल. पुढेही पाटे असतील तर हीच तपासणी पुढे.

## टप्पा ७: आता अलाइनमेंट

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच. खड्ड्यावर उभं राहून पुढील गोष्टी होताना बघा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

हवा परत मोजली. टर्न टेबलच्या (पुढच्या चाकांखालच्या फिरत्या तबकड्या) पिना काढल्या. गाडी वर-खाली दोन-तीनदा दाबून सोडली. सेन्सर लावून गाडी पुढे-मागे ढकलून रिमचा वाकडेपणा मशीनला दिला. स्टेअरिंग सरळ करून लॉक केलं. यातली एक पायरी गाळली तरी छापील कागद सुंदर येतो आणि गाडी तशीच राहते.

आधीचा कागद छापून घ्या, मग काम, मग नंतरचा. आधीचा नसेल तर काय बदललं हे कुणालाच सांगता येत नाही. कागदावर मागच्या चाकांचे आकडे आणि थ्रस्ट अँगलही (मागची चाकं गाडीच्या मध्यरेषेपासून किती तिरकी ढकलतात तो कोन) हवा. फक्त पुढची दोन चाकं मोजणारं मशीन मागचा तिरका अ‍ॅक्सल पकडत नाही.

कामाचा क्रम: कॅस्टर, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण आधीचे दोन हलवले की टो बदलतो. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत बहुधा टोच हलवता येतो. तिथे कॅस्टर कमी निघाला तर ती वॉरंटीची बाब. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा: टो बाहेरच्या बाजूला गेला की गाडी भिरभिरते, कॅस्टर दोन्हीकडे कमी असला की स्टेअरिंग सरळ येत नाही, कॅस्टर एका बाजूला कमी असला की गाडी त्या बाजूला ओढते.

स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत टाय रॉड दोन्ही बाजूंना सारखेच फिरवायचे, नाहीतर स्टेअरिंग वाकडं बसतं. मग काही जण स्टेअरिंगच काढून सरळ लावतात. असं करू देऊ नका. एअरबॅग असलेल्या गाडीत तर मुळीच नको. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग असेल तर काम झाल्यावर स्कॅनर लावून स्टेअरिंगचा शून्य बिंदू परत शिकवावा लागतो. ते बाहेरच्या खड्ड्यावर होईलच असं नाही, आधी विचारा.

## गॅरेजात हमखास होणाऱ्या चुका

बॉक्सचा स्क्रू आवळणे. सगळ्यात घातक. "ढिलं आहे ना, एक फेरा देतो." बॉक्सचे दाते मध्यावर, म्हणजे सरळ स्थितीत, मुळातच घट्ट बसवलेले असतात. जास्त आवळलं की पोकळी जाते, पण स्टेअरिंग मध्यावर अडकतं आणि परत येत नाही. गाडी आधीपेक्षा जास्त झुलते आणि बॉक्स आतून खराब होतो. स्क्रू फिरवण्याआधी टप्पा ५ मधली यादी संपलेली हवी, आणि वॉरंटीत तो फिरवण्याचा अधिकार कंपनीच्या मेकॅनिकलाच.

सगळं एकदम बदलणे. हवा, टो, टायरची अदलाबदल एकाच दिवशी. गाडी सुधारली तर कशाने ते कळत नाही, बिघडली तरी कळत नाही. एक बदल, एक चक्कर.

माल भरलेली गाडी मशीनवर चढवणे. कंपनीचे आकडे ज्या स्थितीसाठी दिलेत त्याच स्थितीत मोजा. बहुतेकदा ती रिकामी गाडी असते.

## टप्पा ८: सर्व्हिस सेंटरला तक्रार लिहिताना

जॉब कार्डवर "स्टेअरिंग प्रॉब्लेम" लिहिलं की "चेक केलं, ओके" असं उत्तर येतं. तुमची वही उघडा आणि सल्लागाराकडून असं लिहून घ्या:

"मीटर १,२४० किमी. थंड हवा, पुढे-मागे मॅन्युअलप्रमाणे. ५०-६० वेगाला रिकामी गाडी दोन्ही बाजूंना झुलते. अ‍ॅक्सिलरेटर सोडताना उजवीकडे सरकते. स्टेअरिंग प्ले कडेवर ४५ मिमी, व्हिडिओ आहे. मागच्या पाट्यापासून अ‍ॅक्सलचं माप डावी-उजवीत ७ मिमी फरक. यू-बोल्ट टॉर्क आणि चारही चाकांचे अलाइनमेंट कागद, आधीचा आणि नंतरचा, द्यावा."

सोबत काट्याच्या पावत्या जोडा. चेसिस नंबरवर एखादी दुरुस्ती मोहीम किंवा परत बोलावणं निघालंय का, हे विचारा आणि उत्तर कार्डवरच घ्या. मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर चक्कर मारा, आणि गाडी तुम्ही चालवा. दोष तुमच्या हाताला माहीत आहे, त्याला नाही.

दोन-तीनदा जाऊनही काम झालं नाही तर कंपनीला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. गाडी धंद्याची आहे म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं काउंटरवर ऐकवतात. २०१९ च्या कायद्यात, स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. एक पिकअप घेऊन स्वतः चालवणारा माणूस त्यात बसू शकतो.

काम होऊन गाडी हातात आल्यावर टप्पा ३ ची चक्कर आणि टप्पा ४ चं मोजमाप पुन्हा करा, त्याच रस्त्यावर, त्याच हवेत. यू-बोल्टच्या नटावर आणि प्लेटवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढून ठेवा. पाचशे किलोमीटरनंतर खाली वाकून बघा, रेघ जुळते का.